उंदरीचं पान

मेणकाकांना सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर एका कार्डाचा. बोटभर लांबीचं, जाड, कडेला सोनेरी रेघ असलेलं कार्ड. दुकानातून कुठलाही दागिना बाहेर पडला की डबीत त्याच्यासोबत हे कार्ड जायचं आणि त्यावर त्या दागिन्याचा अर्थ छापलेला असायचा. अंगठीला अर्थ, कानातल्यांना अर्थ, मनगटातल्या कड्याला तर दोन्ही बाजूंनी अर्थ. साखळीच्या हुकाला तेवढा अजून मिळाला नव्हता, पण तोही धाकट्याच्या डोक्यात घोळत असणार याबद्दल काकांना शंका नव्हती.

धाकटा म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. पुढचं दुकान त्याचं: काचेची कपाटं, मखमल, दिवे, आणि येणाऱ्याला खुर्चीत बसवून बोलत ठेवणं. मागचा कारखाना काकांचा: भट्टी, कानशी, भिंगाचा दिवा आणि मेण. दागिना ओतायचा तर आधी तो मेणात करावा लागतो, आणि ते मेणाचं काम काकांनी उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही, म्हणून त्यांना सगळे मेणकाका म्हणायचे. वडील, म्हणजे अण्णा, म्हणायचे की थोरल्याला हात मिळाले आणि धाकट्याला तोंड. यात नेमकं कौतुक कुणाचं आहे हे ते कधी उघड करत नसत, पण आपलं नाही एवढं थोरल्याला बरोबर कळायचं.

आता त्या पानाबद्दल. दुकानाची सगळी ओळख एका पानावर उभी होती. साधंच पान, एका अंगाला जरासं वळलेलं, गळ्यात घालायचं, आणि त्याच्या टोकाशी शेजारी शेजारी दोन बारीक खड्डे. लोक लांबून ते मागत यायचे. कार्डावर छापलं होतं की हे पान घराण्याच्या मूळपुरुषांनी घडवलं, आणि त्यावरचे दोन ठसे म्हणजे सरलेली पिढी आणि येणारी पिढी. हे छापील झालं. तोंडी अर्थ धाकटा माणूस बघून द्यायचा. नवं जोडपं आलं की ते दोन ठसे म्हणजे दोन जीव. नवरा गेलेली बाई आली की दोन आसवं. एकदा भागीदारीत गोदाम घेणारे दोघे आले, तर त्यांना म्हणाला, "एक विश्वास आणि एक बरकत." दोघांनी एकेक पान घेतलं आणि जाताना धाकट्याचा हात हातात घेऊन हलवला.

मधलं दार नीट लागत नसल्यामुळे काकांना हे सगळं आत ऐकू यायचं. मूळपुरुषांची मोठी तसबीर समोरच्या भिंतीवर होती, भरघोस मिशांची. हे मूळपुरुष म्हणजे या दोघांचे आजोबा. जिन्याखाली बसून ते तुटक्या साखळ्या जोडायचे आणि लोकांचे कान टोचायचे. त्यांनी आयुष्यात एक पान, एक फूल, एक पाखरू काढलं नाही. मिशासुद्धा त्यांच्या नव्हत्या. धाकट्याने फोटोवरून चित्र काढून घेतलं तेव्हा चित्रकाराला सांगून त्या लावून घेतल्या, भारदस्त दिसावं म्हणून.

पान काकांचं होतं. आणि ते दोन खड्डे त्यांच्या मुलीचे होते.

ती तेव्हा नुकती बसायला लागली होती. बायकोला बरं नव्हतं, म्हणून काकांनी पोरीला कारखान्यात आणून मांडीवर घेतलं होतं. एका हाताने तिला धरून दुसऱ्या हाताने ते मऊ मेणाचं पान वळवत बसले होते. कुणी सांगितलेलं काम नव्हतं, मनाला आलं म्हणून चाललं होतं. हातातली सळई गरम करायला ते दिव्याकडे वळले आणि तेवढ्यात पोरीने पान उचलून तोंडात घातलं. खालचे दोनच दात होते तिला. काकांनी घाईघाईने पान काढून घेतलं, तिच्या तोंडात बोट घालून मेण राहिलं नाही ना ते बघितलं, आणि मग पान दिव्याखाली धरलं. टोकाशी दोन बारीक खड्डे, एकमेकांना खेटून. बोटाच्या एका फटकाऱ्यात ते पुसता आले असते. काकांनी ते पुसले नाहीत. तसंच ते पान मातीत घातलं आणि चांदीत ओतलं. ओतकामात मेण जळून जातं आणि त्याच्या जागी धातू येऊन बसतो, मेणावर जे असेल ते सगळं घेऊन.

त्या चांदीच्या पानावरून पुढे साचे निघणार होते. ते हातात घेऊन काका अण्णांकडे गेले, आणि सांगायला तोंड उघडणार तोच अण्णा कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नवीन काहीतरी करत बसू नकोस. लोक आपल्याकडे जुन्यासाठी येतात." त्याच वेळी दुकानात एक बाई बसली होती. तिची नजर पानावर गेली आणि तिने विचारलं, हे काय? अण्णांचा सूर क्षणात बदलला. "हे होय? हे आमच्या घरातलं जुनं आहे." बाईने तसंच एक पान करून मागितलं. वडिलांना गिऱ्हाइकासमोर खोटं पाडायची त्या घरात पद्धत नव्हती. काका मूग गिळून बसले. अण्णा गेले तोवर पान इतकं जुनं झालं होतं की खरं सांगणाराच खोटा ठरला असता.

जगाला कळलं नाही तरी काकांचं काही अडलं नव्हतं. पण एकीला कळावं असं त्यांना फार वाटायचं. ते पान तिच्यासाठी, तिच्यामुळे, तिच्या दातांनी झालं, आणि ती मात्र लहानपणापासून त्या मिशांच्या तसबिरीखाली उभी राहून पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवायची, "हे पान माझ्या पणजोबांनी केलं." काका मागे उभे असायचे. दर वेळी वाटायचं, आज रात्री घरी गेलो की सांगू. मग घरी जाऊन ते जेवायचे आणि झोपायचे.

तिला घरात सगळे उंदरी म्हणायचे. आता उंदरी चांगली मोठी झाली होती, दागिन्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेऊन, बाहेर नोकरी करून परत आली होती, आणि तिने पहिल्याच आठवड्यात दुकानात बजावलं होतं की गिऱ्हाइकासमोर मला उंदरी म्हणायचं नाही. धाकट्याने लगेच ऐकलं. काकांना सवय मोडेना. कामाच्या भरात ते हाक मारायचे, "उंदरे, चिमटा दे," आणि दारातून डोळे वटारलेले दिसायचे.

तिचं काम चोख होतं, यात वाद नाही. पण तिला सगळं गुळगुळीत लागायचं. जुन्या साच्यांतले पोचे तिने काढले, वाकडे कोपरे सरळ केले. काका प्रत्येक वेळी कुरकुरले आणि प्रत्येक वेळी तिने भिंग त्यांच्या हातात देऊन दाखवलं की दोष आहे, आणि दोष होताच. असं करत करत ती एक दिवस पानावर आली.

दुकान बंद करायच्या वेळी तिघं आत कारखान्यात बसली होती. तिने चांदीचं मूळ पान टेबलावर ठेवलं आणि कानशीच्या टोकाने ते दोन खड्डे दाखवले.

"हे भरून टाकायचं म्हणते मी. ओतताना हवा राहिलेली दिसते. पणजोबांच्या काळी भट्ट्या कुठे धड होत्या."

"अगं, तीच तर ओळख आहे," धाकटा म्हणाला. "दोन पिढ्या. कार्डं छापलेली आहेत."

"काका, दोष आहे तो," ती धाकट्याला म्हणाली. "दोषाला तुम्ही दोन पिढ्या म्हणताय."

"लोकांना आवडतंय ना?"

"पान आवडतं. खड्ड्यांकडे तुम्ही बोट दाखवता म्हणून ते बघतात."

एक पुसायला निघाली होती आणि दुसरा भलत्याच कारणासाठी राखायला. मेणकाकांच्या डोक्याची शीर उडायला लागली. कोणाची बाजू घ्यावी? धाकट्याची घ्यावी तर दोन पिढ्या गळ्यात, मुलीची घ्यावी तर दातच गेले.

"त्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"का?" मुलीने विचारलं.

का, हे सांगायची हीच वेळ होती. काकांनी सांगितलं. पण इतकी वर्षं साठवलेली गोष्ट जशी बाहेर यायची तशीच आली: शेंडा आधी, बुडखा नंतर. आधी म्हणाले दात आहेत ते, मग म्हणाले मांडीवर होतीस, मग अण्णा, मग ती बाई, मग परत दात. आवाज चढला होता. सांगून झाल्यावर त्यांनी कपाळ पुसलं.

धाकट्याचा चेहरा एकदम उजळला.

"दादा, काय सुचलंय तुला. झकास. पणजोबांच्या मांडीवर त्यांची लाडकी लेक..."

"पणजोबांची नाही रे. माझी. ही, ही बसलीये ती."

"हो, पण कार्डावर पणजोबांची घेऊ. पान त्यांचं म्हणून सांगतोय ना आपण. लेकीने चावलं, बापाने जपलं. डोळ्यांत पाणी येईल लोकांच्या."

"अरे, त्यांना मुलगीच नव्हती."

"कोण विचारायला येतंय?" असं म्हणून तो, शब्द विसरायच्या आत, फोनमध्ये बोलून ठेवायला बाहेर गेलासुद्धा.

काकांनी मुलीकडे पाहिलं. आता ती तरी. ती टेबलावरचं पान हातात फिरवत होती आणि तिचा चेहरा थकलेला होता.

"बाबा, तुम्ही पण? तुम्ही तरी गोष्टी रचत नव्हता आजवर."

"रचत नाहीये गं."

"मी कशालाही हात लावला की तुम्ही नाही म्हणता. बरं, म्हणा. पण मला हळवं करून अडवू नका. अण्णा आजोबा तुमचं नवीन काही चालू द्यायचे नाहीत हे तुम्हीच सांगता ना? मग माझं तुम्ही काय करताय?"

ती उठून गेली. मेणकाका भट्टीसमोर बसून राहिले. एका दमात त्यांचं पान आजोबांना गेलं होतं, पोर आजोबांना गेली होती आणि ते स्वतः अण्णा झाले होते. खोटं बोलणाऱ्याच्या शब्दाची लोक कार्डं छापतात आणि खरं बोलणाऱ्याला रचतोस म्हणतात, या विचाराने त्यांना इतका संताप आला की त्यांनी समोरची मेणाची वाटी उचलली, आपटायला. मग आत चांगलं मेण आहे हे बघून परत ठेवली.

घरी गेल्या गेल्या त्यांनी बायकोला साक्षीला बोलावलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पोरीने मेणाचं पान चावलं होतं, आठवतंय ना तुला? मी घरी येऊन सांगितलं होतं."

"कधी?"

"तुला बरं नव्हतं तेव्हा."

"मला बरं नव्हतं तर मला काय आठवणार?"

"सांगितलं होतं मी. दोन दातांचे ठसे."

"अहो, ती काय एक पान चावायची? तुमच्या चष्म्याची काडी चावली, माझ्या चपलेचा पट्टा चावला, पलंगाचा पाय कुरतडून ठेवला. पान कुठलं लक्षात ठेवू मी त्यात?" तिने शेवटची घडी घातली. "म्हणून तर उंदरी म्हणायला लागलो तिला."

काका तिच्याकडे बघत राहिले. एरवी या बाईला शेजारणीच्या पडद्याचा रंग आठवतो. आणि नेमकं हेच नाही. ते आडवे झाले. त्या रात्री त्यांनी एवढंच ठरवलं की सकाळी लवकर जाऊन मूळ पान तिजोरीतून काढायचं आणि आपल्या खिशात घालायचं. मग भरा म्हणावं काय भरायचं ते.

सकाळी ते पोचले तेव्हा कारखान्याचं कुलूप आधीच उघडलेलं होतं. आत दिवा लागला होता. मुलगी पॉलिशच्या मोटारीसमोर बसली होती आणि टेबलावर फडक्यावर पान पडलं होतं, लखलखीत. काकांनी ते उचललं. दिव्याखाली धरलं. मग भिंग लावलं. मग चष्मा काढून, पुसून, परत भिंग लावलं. टोकाशी काही नव्हतं. चांदी भरून इतकं सफाईने घासलं होतं की जागासुद्धा ओळखू येईना. काम उत्तम होतं. त्यांच्याच हाताखाली शिकलेलं काम होतं ते.

पानाचे जुने रबरी साचे कधीच चिरून वाया गेले होते. विकलेली पानं लोकांच्या गळ्यात घासून घासून सपाट झाली असतील, आणि ती कुठे कुठे आहेत कुणाला ठाऊक. दुकानात शिल्लक नव्हतं, घरातही एक नव्हतं. बायकोने कितीदा मागितलं होतं, आणि दर वेळी काका म्हणाले होते, पुढच्या घाण्यात तुझं ओततो.

"मी रात्री ठरवलं होतं की तुम्हाला विचारून करायचं," मुलगी म्हणाली. "मग वाटलं, विचारलं की तुम्ही परत नाही म्हणणार."

काकांना ओरडायचं होतं. पण ते स्टुलावर बसले, पान तळहातावर ठेवून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी भट्टीकडे तोंड केलं, पण भट्टी अजून पेटलेली नव्हती, धुराचं निमित्त सांगायची सोय नव्हती.

मुलीने मोटार बंद केली. वडिलांना तिने कधी असं पाहिलं नव्हतं. ते चिडायचे, पुटपुटायचे, कानस आपटायचे, पण रडायचे नाहीत, आणि रचलेल्या गोष्टीसाठी तर कुणीच असं रडत नाही.

"बाबा."

"बोल."

"मला उंदरी का म्हणतात?"

ते वळले नाहीत. "काय विचारतेस?"

"काका म्हणतात, मी इवलीशी होते म्हणून. तुम्ही का म्हणता?"

"अगं, सगळं कुरतडायचीस म्हणून. चष्मा, चप्पल, पलंग." ते एकदम थांबले. मग हळू म्हणाले, "पहिल्यांदा मीच म्हणालो. इथे. या स्टुलावर बसून. पान तुझ्या तोंडातून काढलं तेव्हा."

या खेपेला गोष्ट नीट आली. बुडखा आधी आला. मुलगी समोरच्या स्टुलावर बसून ऐकत होती आणि मधे मधे तिची जीभ स्वतःच्याच खालच्या दातांवरून फिरत होती, तिच्याही नकळत.

"मग आजवर सांगितलं का नाही?" तिने शेवटी विचारलं. आता तिलाही राग आला होता, आणि तो खरा होता. "मी त्या तसबिरीखाली उभी राहून पणजोबा, पणजोबा करत होते. तुम्ही मागे उभे राहून ऐकत होतात. एकदा तरी बोलायचं होतं. मी आज ते भरलं नसतं ना."

तिने हात पुढे करून मेणाची वाटी ओढली. मऊ मेणाचा तुकडा घेऊन तिने पान वळवलं, एका अंगाला जरासं, त्यांच्यासारखंच. मग ते तोंडात घालून चावलं.

काकांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि भिंग लावलं. वरखाली दातांच्या दोन रांगा उमटल्या होत्या, देठ फाटला होता, एका बाजूला दाढसुद्धा लागली होती. कोणीही हे पान म्हटलं नसतं.

"हळू चावायचं होतंस," ते म्हणाले. "तेव्हा दोनच होते तुला."

"आता एवढेच आहेत. काय करू?"

ते दोन खड्डे काही परत आले नव्हते, आणि येणारही नव्हते. हे काकांना कळत होतं आणि ते आतून कुरतडत होतं. तरी त्यांनी सळई गरम केली, फाटलेला देठ सांधला आणि दातांच्या खुणांना हात न लावता त्या दिवशीच्या घाण्यात इतर दागिन्यांबरोबर तेही ओतायला लावलं.

दुपारी धाकटा नव्या कार्डाचा नमुना नाचवत आत आला. वर लिहिलं होतं, 'लाडक्या लेकीची पहिली खूण', आणि खाली मूळपुरुषांचं चित्र, मिशांसकट. बोलता बोलता त्याचं लक्ष टेबलावर गेलं. माती झटकलेलं, अजून पॉलिशही न केलेलं चांदीचं ते चावलेलं पान मुलगी दोऱ्यात ओवत होती.

"हे काय?" त्याने ते उचलून फिरवून बघितलं. "दादा, याचा अर्थ काय सांगायचा लोकांना?"

"लोकांना नाही सांगायचा. विकायचं नाही ते."

उभ्या आयुष्यात काकांच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. धाकटा बुचकळ्यात पडला. त्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा पुतणीकडे.

"मग केलं कशाला?"

काकांनी पान त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मुलीच्या हातात दिलं.

"उंदरे," ते म्हणाले, "गळ्यात घाल. आणि आईसाठी एक चाव."